पाऊणवर थांबणारा काटा

वास येतोय ना? मित्रांनो, नाकाला रुमाल लावण्याआधी एवढे ऐका, की हा वास नव्या रंगाचा आहे, पेट्रोलचा नाही. खात्री करून घ्यायची असेल तर खाली वाकून बघा. मी कोणाच्या नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

मी एका जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी आहे. गाडीच्या मागच्या बाजूला, डिकीच्या खाली, दोन लोखंडी पट्ट्यांनी मला आवळून टांगले आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन खोलगट तुकडे समोरासमोर ठेवून त्यांच्या कडा जोडल्या, आत हवा भरून मला पाण्यात बुडवले आणि एकही बुडबुडा आला नाही तेव्हाच पुढे जाऊ दिले. जन्मताच ज्याची अशी झडती घेतली जाते, त्याचा स्वभाव संशयी होणारच. शिवाय माझी जागा बघा. वरचे जग मला दिसत नाही, दिसतात ते फक्त पाय. वर माणूस गोड बोलत असतो आणि खाली त्याच्या पायाची बोटे चपलेत आक्रसलेली असतात, हे मी फार जवळून पाहिले आहे.

चष्मेवाल्यांकडे आमची गाडी आली तेव्हाच ती जुनी होती. चष्म्याच्या दुकानात बसून दिवसभर लोकांच्या नजरेतले दोष काढणारा हा माणूस. बूट कायम पॉलिश केलेले. त्यांना गाडीचे भारी कौतुक. सुट्टीच्या दिवशी फडके घेऊन ते टप पुसत, काचा पुसत, दिव्यांवर फुंकर घालून पुन्हा पुसत. या वयातही कशी चकचकते बघा, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण कौतुकाचे ते फडके कधी गुडघ्याखाली उतरले नाही, याचे मला वाईट वाटे. मला खरचटू नये म्हणून लोखंडी पट्टी आणि माझे अंग यांच्यामध्ये जाड कापड घातलेले होते. ते रस्त्यावरचे पाणी पिऊन कायम ओलेच राहू लागले. बाहेरून मी ठणठणीत दिसत होते आणि त्या कापडाआड गंज मला कुरतडत होता.

पेट्रोल भरण्याची त्यांची एक पद्धत होती. टाकी अर्ध्याच्या वर भरायचीच नाही. गाडी हलकी राहते, असे ते म्हणत. मला विचाराल तर, भरल्या टाकीवर कोणाचा तरी डोळा असणार, ही भीती त्यांच्या मनात पहिल्यापासूनच असावी.

घरात त्यांची बायको होती आणि वरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ राहत होता. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही तिला मनातल्या मनात ताईच म्हणू लागले. भावाचा धंदा मजेशीर होता. दवाखान्यांत, हॉटेलांत रंगीत मासे ठेवलेल्या काचेच्या टाक्या असतात ना, त्या साफ करून द्यायच्या. म्हणजे तोही टाक्यांचाच माणूस, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव. आईच्या माघारी ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याच्या रबरी चपला जिन्यावर वाजल्या की ताईच्या पायांना घाई सुटे, हे मी घराशेजारच्या गाडीच्या शेडमधून रोज पाहत होते.

लांबचे काम असले की तो गाडी मागून नेई. माणूस इतका भिडस्त, की परत आणताना मला गळ्यापर्यंत भरून आणी. दुसऱ्याची वस्तू नेली तर भरून द्यावी, हे ताईनेच त्याला शिकवले होते.

आणि तिथेच घात झाला. एकदा त्याने मला असे काठोकाठ भरून गाडी शेडमध्ये लावली, तेव्हा माझ्या कुशीत त्या कापडाआड एकदम गार लागले. गंजाने तिथे आरपार भोक पाडले होते. भोक बरेच वर होते. चष्मेवाल्यांचे अर्ध्या टाकीचे पेट्रोल तिथवर कधी पोहोचलेच नव्हते. आता मात्र थेंब थेंब बाहेर पडू लागला, पेट्रोल भोकाच्या पातळीला आले आणि गळती थांबली. शेडची जमीन भुसभुशीत मातीची. सकाळपर्यंत सगळे मुरून-उडून गेले, खाली ना ओल ना डाग.

सकाळी चष्मेवाल्यांनी किल्ली फिरवली तर पेट्रोलचा काटा पाऊणवर. काल तर हा टाकी फुल केली म्हणाला होता, असे ते स्वतःशीच पुटपुटले. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

पुढच्या खेपेला त्यांनी गाडी आल्या आल्या काटा पाहून ठेवला. काटा पार वरच्या रेघेवर होता. सकाळी पुन्हा पाऊणवर. झाले! म्हणजे हा दिवसा भरतो आणि रात्री काढून घेतो. काढायचेच असेल तर कोणी भरेल कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मी संशयी जातीची आहे म्हणून सांगते, आम्हाला प्रश्न फार पडतात, पण नेमका हवा तो पडत नाही.

त्यांनी माझ्या तोंडाला कुलूपवाले झाकण बसवले आणि किल्ली खिशात ठेवली. पुढच्या खेपेला भावाने पेट्रोल भरण्यापुरती ती मागून नेली आणि आल्यावर परत दिली, तरी रात्रीत काटा उतरलाच. तेव्हा तरी शहाणे व्हावे की नाही? उलट, याने दुसरी किल्ली करून घेतली असणार, अशी त्यांची खात्री पटली. माझ्याकडे बोलायला वासाखेरीज काही नव्हते. मी जीव तोडून दरवळले. ताईने विचारलेसुद्धा, शेडमध्ये हा वास कसला येतो म्हणून. त्यावर चष्मेवाले म्हणाले, तुझ्या भावाला विचार. माझा टाहो माझ्याच माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला, याचा मला अजून राग आहे.

मग एके दिवशी ते शेडमध्ये भावाच्या सामानापाशी थांबले. बादली, जाळी आणि पारदर्शक नळीचे एक वेटोळे. भाऊ ते उचलायला आला तेव्हा नळी त्यांच्या हातात होती.

"ही कशासाठी?" त्यांनी विचारले.

"माशांच्या टाकीतलं घाण पाणी काढायला. तोंडाने ओढायचं, की येतं आपोआप."

"मग पेट्रोलही येत असेल."

रबरी चपला जागच्या जागी थांबल्या. मला वाटले आता शब्दाने शब्द वाढणार, पण त्याचा आवाज चढला नाही.

"येत असेल, भाऊजी. मी कधी ओढून बघितलं नाही."

तो वर गेला आणि संध्याकाळच्या आत आपले कपडे, बरण्या आणि बादली घेऊन घराबाहेर पडला. ताई त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. तो थांबला नाही.

त्यानंतर त्या घरात कामापुरतेच बोलणे उरले. चष्मेवाल्यांनी पद्धतीप्रमाणे अर्धी टाकी भरली. काटा जिथल्या तिथे राहू लागला. बघ, गेला आणि चोरी थांबली, असे त्यांनी ताईला ऐकवले. ताई शेडमध्ये येऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली आणि किल्ली फिरवून तिने काटा बघितला. मग तिने त्यांना हाक मारली.

"चोराने एवढं मोजूनमापून न्यायचं कारण काय हो?" तिने विचारले. "तुम्हीच सांगता, दर वेळी काटा पाऊणवरच. कधी जास्त नाही, कधी कमी नाही. कधी अर्ध्यावर का नाही आला?"

त्यांचे बूट शेडच्या दाराकडे वळले, तसे तिने थांबवले.

"आता तुम्ही भरून आणा. पार वरपर्यंत. आणि झाकणाची किल्ली माझ्याकडे द्या."

मी इतकी खूश कधी झाले नव्हते. चष्मेवाल्यांनी मला भरून आणले, ताईने माझ्याखाली जुन्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवला. मीही डोळ्यांत तेल घालून त्या दोघांच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिले, पण शेडकडे कोणाचे पाऊल वळले नाही. सकाळी काटा पाऊणवर होता आणि पुठ्ठा एका बाजूने भिजून पेट्रोलचा वास मारत होता. चष्मेवाले गुडघे टेकून खाली वाकले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. तो बघवत नव्हता.

गॅरेजचा मिस्त्री मला भेटलेला पहिला माणूस, जो माझ्याहून संशयी होता. त्याने मला उतरवले, पट्टी सोडवली, कुजलेले कापड ओढले तसा गंजाचा पापुद्रा त्याच्यासोबत निघून आला.

"कधीपासून गळतेय?" त्याने विचारले.

ताई म्हणाली, "माझा भाऊ घर सोडून गेला, त्याच्या आधीपासून."

एक भोक दिसले म्हणजे एकच असते असे नाही, असे म्हणत मिस्त्री माझ्या अंगभर ठोकून बघत गेला आणि शेजारीच आणखी एक कुजका भाग त्याने शोधून काढला. माझ्या पोटात मूठभर नट टाकून मला खुळखुळ्यासारखे हलवले, आतला गंज खरवडून काढला. साबणाच्या गरम पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, तरी त्याचा विश्वास बसेना. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेऊन माणसाचा जीव घेते, म्हणून त्याने मला उघडे ठेवून वाळवले, वास घेतला आणि परत धुतले. मग कामापुरती जागा सोडून आत पाणी भरले. पत्र्याचे ठिगळ ठेवले आणि तापवलेल्या डाखणीने कथील वितळवून डाख दिला. शेवटी आत हवा भरून त्याने सांध्यांवर साबणाचा फेस चोपडला. एकही बुडबुडा आला नाही. जन्माच्या वेळची झडती मला आठवली, आणि खरे सांगते, मला रडू आले.

चष्मेवाले मला घेऊन थेट भावाच्या नव्या खोलीवर गेले. रस्त्यावर उभे राहूनच त्यांनी चुकलो म्हणून सांगितले. भाऊ म्हणाला, असू दे भाऊजी, होतं असं कधीकधी. त्याने चहा पाजला. ताईकडे येणेजाणे सुरू झाले. पण वरच्या खोलीत तो काही परत राहायला आला नाही.

गाडी तो अजूनही नेतो. ताई बळेच द्यायला लावते. आणल्यावर मात्र किल्ली हातात देण्याआधी शेडमध्ये थांबतो आणि हाक मारतो, "भाऊजी, काटा बघून घ्या."

अरे, कशाला, म्हणतात चष्मेवाले. तो तरीही थांबतो. मग त्यांना यावे लागते, वाकून बघावे लागते. काटा नेताना जिथे होता बरोबर तिथेच असतो. ना रेघभर खाली, ना रेघभर वर.

मित्रांनो, गाडीचा टप पुसाल तेव्हा एकदा खालीही वाकत जा. टाकीच्या पट्ट्यांआड बोट घाला, ओल लागली तर आजच मिस्त्रीकडे न्या, आणि घरात काही कमी पडले तर माणसांवर बोट ठेवण्याआधी आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची झडती घ्या. झडतीचा आम्हाला राग येत नाही.

मिस्त्रीने माझ्या कुशीवर जाड रंग दिला आहे, कापडाच्या जागी रबर घातले आहे. मला आता गळ्यापर्यंत भरले तरी थेंब सांडणार नाही. फक्त गळ्यापर्यंत भरणारा ताईचा भाऊ एकटाच होता, आणि त्याने ते सोडून दिले आहे.