सहावं घर रिकामं

मी रिव्हॉल्व्हर बोलतोय. दचकू नका, आत काही नाही.

आणि असलं तरी तुम्हाला पळायला भरपूर वेळ आहे. मी ठासणीचा. मला भरून होईपर्यंत शत्रू घरी जाईल, जेवेल, हात धुऊन परत येईल. हल्लीची ती खटाखट काडतुसं ओकणारी काळी पिस्तुलं मला बघून हसतात. हसू देत मेली. त्यांच्यातून धूर तरी निघतो का? माझा बार उडाला की मालक दिसेनासा होतो. याला म्हणतात बार.

मी दिसतो दीडशे वर्षांचा, आहे मात्र परवाचा. नक्कल आहे मी, जन्मलो तोच म्हातारा. इटलीतल्या एका डोंगरी गावात यंत्रानं मला कापलं, घासलं, आणि ओर्नेला नावाच्या बाईनं अक्रोडाची मूठ बसवली. मला खोक्यात घालताना ती म्हणाली, "जा बाबा अमेरिकेला. तिकडं कोणीतरी म्हातारा खुळावलाय तुझ्यासाठी." असं ती सगळ्यांनाच म्हणायची. माझ्या बाबतीत ते खरं निघालं.

म्हातारा मिझुरीतला, हार्लन टॅकेट. एकेकाळचा सुतार, आता नुसताच म्हातारा. त्याच्या घरी मी पोस्टानं गेलो, बुटांच्या जोडासारखा. तिथल्या सरकारच्या लेखी मी बंदूकच नाही म्हणे, जुनी वस्तू आहे. अपमान गिळला, काय करता!

खोकं उघडलं तशी त्याची बायको वर्लीन कमरेवर हात ठेवून उभी. "घरात एक जुनाट खटारा आहे, तो पुरत नाही का?"

"अगं, नवा कोरा आहे हा!"

"मग तुझ्याएवढा का दिसतोय?"

बाई मला तेव्हाच आवडली.

आता मुद्द्याचं. हार्लन विसरायला लागला होता. चष्मा, चावी हे तर सगळेच विसरतात. पण गेल्या पानगळीत चांदमारीच्या मैदानावर त्यानं मित्राच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू न घालताच गोळी ठासली आणि चाप ओढत, शिव्या देत उभा राहिला. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरीही तो घेतो, ती घालायला मात्र विसरत नाही. सगळ्यांचा नेमबाजीचा खेळ थांबवावा लागला. मैदानाचा प्रमुख ड्वाइट पोग, म्हणजे वर्लीनचा धाकटा भाऊ. त्यानं मागं एक खुर्ची मांडली. "इथं बसून बघायचं, हार्लन. कॉफी पी."

हार्लनला ती खुर्ची तिरडीसारखी वाटायची. शनिवारी मैदानावर जायचं आणि खुर्चीत बसायचं? त्यापेक्षा पुरा की मला, म्हणायचा. हिवाळाभर त्यानं मेव्हण्याचं डोकं खाल्लं. शेवटी ड्वाइट वैतागून म्हणाला, "माझ्यासमोर एकदा पूर्ण भरून दाखव. एकट्यानं. नेम चुकला तरी चालेल, भरताना चुकलास तर कायमची खुर्ची. कबूल?"

"कबूल."

म्हणून मी आलो.

तालीम स्वयंपाकघरात चालायची. माझ्या चक्रीला सहा घरं. प्रत्येकात आधी दारू, वर फट भरायला चिमूटभर रवा, वर शिशाची गोळी, ती दांड्यानं ठासायची. सगळी ठासून झाली की तोंडांवर चरबी लिंपायची, आणि शेवटी मागं टोप्या, म्हणजे ठिणगीच्या टिकल्या; चाप ओढला की घोडा त्यांच्यावर आपटतो आणि बार उडतो. चरबी विसरली तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाते. माणसांत चालतं तसंच. टेबलावर दारूच्या जागीही रवाच. हार्लन पुटपुटत राहायचा, "दारू, रवा, गोळी, ठास. दारू, रवा, गोळी, ठास."

"देवाचं नाव एवढ्यांदा घेतलं असतंस तर तरला असतास," वर्लीन म्हणायची.

"देव येतो का ठासायला?"

"आणि माझा लापशीचा रवा संपवलास, तो कोण आणणार? देव?"

तालीम झाली की तो मला साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचा आणि सुकायला ओव्हनमध्ये ठेवायचा. एकदा विसरला, आणि वर्लीननं वर मक्याची भाकरी लावली. भाकरीला बंदुकीच्या तेलाचा वास लागला, मला मक्याचा अजून येतो.

मग तो शनिवार उजाडला. मैदानाच्या फाटकावर एक गंजकी पाटी आहे, ड्वाइटच्याच हातची: 'ठासणीवाल्यांनी घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं.' जुनी रीत. कमरेला लावून हिंडताना बंदूक पडली तर उडू नये म्हणून पाचच घरं भरायची. पण इथं कोण कमरेला लावून हिंडतंय? भरली की उडवली. त्यामुळं सगळे सहाच भरतात, आणि त्या पाटीवर गांधीलमाश्यांनी पोळं केलंय.

ड्वाइट हाताची घडी घालून अगदी शेजारी उभा. वर्लीन मागं, त्याच खुर्चीत, विणकाम घेऊन. हार्लनचे हात चुकत नव्हते. दारू, रवा, गोळी, ठास. पाच घरं अशी भरली की ओर्नेलानं बघावं.

आणि ड्वाइटला राहवलं नाही. वाईट मनाचा नाही तो, पण तोंडाला बूच नाही. "परवा धरणावर मासा लागला, हार्लन. एवढा!"

"गेल्या आठवड्यात एवढुसा होता की! मेल्यावर वाढतात काय रे तुझे मासे, मेव्हण्या?"

लोक हसले. हार्लनही हसला, वळला, आणि त्यानं चरबीची डबी उचलली.

माझ्या सहाव्या घरात वारा शिरत होता. ओरडलो असतो, पण माझं तोंड वेगळ्या कामाचं.

मग त्यानं मला उचललं. धडाम! काय सांगू तुम्हाला! पांढरा ढग, कुजक्या अंड्यांचा वास, आणि ढगातून म्हाताऱ्याचं खिदळणं. धडाम! कागदाला भोक पडलं की नाही, कोण बघतंय! पाचव्या बाराला तर तो पोरासारखा ओरडला.

मग खट्.

नुसतंच खट्. धूर हळूहळू विरला.

"विसरलास," ड्वाइट म्हणाला. हळूच म्हणाला.

हार्लन माझ्या चक्रीत डोकावला. मी त्याच्या मुठीत होतो, मला माहीत आहे. खट्च्या आधी त्यानं धक्क्यासाठी मूठ आवळली होती. घर रिकामं आहे हे माहीत असणारा माणूस अशी मूठ आवळत नाही.

"काय विसरला?" मागून वर्लीन. "घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, ही पाटी कोणाची? तुझीच ना? जा, माश्या हाकल आणि वाच."

"अगं, पण मग त्यानं सहाव्यांदा चाप का ओढला?"

"रिकामं आहे हे तुला दाखवायला! तुला तोंडी सांगितलेलं लहानपणापासून कधी कळलंय?"

मैदान खदाखदा हसलं. ड्वाइटनं पाटीकडं बघितलं, मग बहिणीकडं. तिच्या सुया थांबल्या होत्या.

"ऊठ, ताई," तो म्हणाला. "ही खुर्ची अडगळीत टाकतो. येताजाता पायात येते."

घरी हार्लन मला धूत होता. पाठमोराच म्हणाला, "वर्लीन, मी सहा भरले होते ना?"

"पाच."

"पाचच भरायचे होते का?"

"घेवडा गार होतोय, जेव."

तो हलला नाही. माझी चक्री फिरवत राहिला. मग मीठ मागावं तसं म्हणाला, "पुढच्या शनिवारी तू भर. मी नुसता उडवीन."

"मला काय येतंय त्यातलं?"

"क्रम म्हणून तर दाखव."

तिनं न अडखळता म्हणून दाखवलं, टोपीपर्यंत. एवढे दिवस दुसरं ऐकलं काय होतं बिचारीनं?

तेव्हापासून ती भरते, तो उडवतो, आणि ड्वाइट खुशाल माशांच्या गोष्टी सांगतो. परवा तिनंही एक बार काढला. बरोबर मधोमध! वाऱ्यानं गेली गोळी, असं हार्लन गावभर सांगत सुटलाय.

माझं एवढंच मागणं आहे: ओव्हन लावायच्या आधी आत बघत जा. आणि हो, ती पाचच घरं भरते. सहाव्यात हल्ली आमच्या तिघांचं गुपित ठासलेलं असतं, बहुधा ड्वाइट धरून चौघांचं. ते रिकामं का, असं कोणी विचारलं, तर तुम्हीही सांगा, नियमच आहे तसा.