मोजणी मोडली की एकपासून

आपण सगळेच हल्ली एक वाक्य दिवसातून वीसदा बोलतो : "थांब, दोनच सेकंद!" समोरचा माणूस बिचारा हातात आमटीचा डाव घेऊन उभा, ताटातलं गार होतंय, आणि आपण फोनमध्ये मान घालून बसलेले. ते दोन सेकंद कधी संपले, हे आजवर कुणीही घड्याळ लावून पाहिलेलं नाही. हसू नका, वाचकहो, मीही त्यातलाच. पण या सवयीपायी एका हुशार मुलीची खुर्ची जाता जाता राहिली, ती हकीकत तुम्हाला सांगायलाच हवी.

मुलगी एकोणीस वर्षांची. वडील शिंपी, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. आई नव्हती, पण आत्या होती. आत्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मुलीला तिच्या संघात सगळे 'घार' म्हणत. संघ कसला, तर कॉम्प्युटरवरच्या स्पर्धांचा. पाचाविरुद्ध पाच, दोन्ही बाजूंना एकेक बुरूज. समोरच्यांचा बुरूज पाडला की डाव जिंकला. खेळताना बाद झालं की पंचवीस सेकंद नुसतं बसायचं, मग परत मैदानात. आणि पाचांतली एक जण सर्वांना कानातल्या हेडफोनवरून सांगत असते, कुठे जा, कधी थांब. तिला म्हणायचं 'कॉल देणारी'. घारीची नजर अशी, की कॉल तिनेच द्यायचा यावर कधी वाद झाला नव्हता.

वाद झाला त्या शनिवारी दुपारी. पात्रता फेरीचा शेवटचा डाव चालू होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत पाच खुर्च्यांवर पाच जण, मागे कोच हाताची घडी घालून उभा. घार बाद झाली. पंचवीस सेकंद! हात आपसूक मांडीवरच्या फोनकडे गेला. फोनवर त्यांचाच सामना लाइव्ह चालला होता आणि खाली बघणाऱ्यांच्या कमेंटचा पूर लोटला होता. चोरून बघून कुणी फायदा घेऊ नये म्हणून हे प्रक्षेपण मुद्दाम दोन मिनिटं उशिरा दाखवतात, हे घारीला पक्कं ठाऊक होतं. ती चित्र बघतच नव्हती. ती फक्त स्वतःचं नाव शोधत होती. 'घार आज झोपलीय का?' 'हिला कुणी कॉल द्यायला बसवलं?' आणि त्यांच्यामध्ये एकाने ओरडून लिहावं तसं लिहिलेलं : 'डावीकडे जा!!! डावीकडे!!!'

तिने फोन उलटा ठेवला. कानात आवाज आला, "घारे, कुठून जायचं?"

"डावीकडे! सगळे डावीकडे!"

चौघेही आज्ञाधारकपणे डावीकडे धावले. तिथे चिटपाखरू नव्हतं. समोरचे उजवीकडून आले आणि त्यांनी बघता बघता बुरूज पाडला.

कोचचं वय सव्वीस, म्हणजे या खेळात निवृत्तीचं. तो ओरडला नाही. त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि एवढंच विचारलं, "डावीकडे का?"

घारीने फोन मांडीखाली सरकवला.

"डावीकडे ते होते," कोच पडद्यावर बोट ठेवत म्हणाला, "पण दोन मिनिटांपूर्वी."

घारीच्या तोंडचं पाणी पळालं. कॉल तिचा नव्हताच! कुणा अनोळखी माणसाने दोन मिनिटांपूर्वीचं चित्र बघून जे लिहिलं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. पण हे सांगायची हिंमत तिला झाली नाही.

"पुढच्या शनिवारी एक संधी आहे," कोच म्हणाला. "तीन डाव आहेत. पहिल्यात कॉल तू देशील. तो डाव हरलो, तर दुसऱ्यापासून तुझ्या खुर्चीत राखीव मुलगी बसेल. आणि मग तीच बसेल."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. रविवारी सकाळी घार पुन्हा फोनमध्येच. लोक तिला काय काय म्हणतायत ते वाचत होती आणि वाचून रडत होती. आत्या पलीकडे आपल्या कोटाचं तुटलेलं बटण शिवायला बसली होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि दुकानातला बटणांचा डबा उचलून पलंगावर पालथा केला.

"मोज बघू किती आहेत ते."

"आत्या, आत्ता?"

"आत्ताच. रडून झालं असेल तर."

घार नाराजीने मोजू लागली. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस... फोन थरथरला. तिने एक नजर टाकली आणि पुढे मोजलं, "बावन्न, त्रेपन्न..."

"थांब!" आत्या म्हणाली. "मधली दहा बटणं कुठे गेली?"

घार गोंधळली. "कुठे म्हणजे? इथेच आहेत."

"माझ्या थिएटरमध्ये असती तर पेशंटच्या पोटात असती!"

घारीला रडता रडता हसू आलं, पण आत्या हसत नव्हती.

"टाके घालण्याआधी आम्ही सगळं मोजतो," ती म्हणाली. "कापसाचे बोळे, सुया, चिमटे. मोजताना मध्ये कुणी बोललं, दार वाजलं, काहीही झालं, तर मोजणी मोडली. मोडली की पुन्हा एकपासून. 'बहुतेक एकेचाळीसपर्यंत आले होते' हे चालत नाही."

"पण मी दोन सेकंदच बघते गं."

"बघतेस दोन सेकंद. परत यायला किती लागतात? तू बावन्नवर परत आलीस, आणि तुला पत्ताही नव्हता."

घारीने मान खाली घातली. मग तिने सारं सांगून टाकलं. मांडीवरचा फोन, ती कमेंट, ते 'डावीकडे'. "आत्या, माझ्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोललं गं!"

आत्याने सुई बाजूला ठेवली. "माझ्याही खिशात एकदा फोन वाजला होता," ती म्हणाली. "फार वर्षं झाली. मोजलं तर एक बोळा कमी. डॉक्टर सुई धरून उभे, पेशंट टेबलावर, आणि आम्ही सगळे जमिनीवर रांगतोय. वीस मिनिटांनी तो बादलीच्या मागे सापडला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून माझा फोन बाहेरच्या कपाटात असतो. मी काही जन्मापासून शहाणी नाही, बाई."

"पण त्या पंचवीस सेकंदांत मला काहीच काम नसतं."

"कॉल देणारीला काम नसतं?" आत्याने डोळे मोठे केले. "अगं, हात रिकामे झाले की सिस्टर मोजते! तुला ती वेळ मोकळी दिली नाहीये, मोजायला दिलीय. समोरचे पाच आहेत ना? कोण कुठे आहे, ते तेव्हा नाही बघायचं तर कधी?"

घार सोमवारी सर्वांत आधी खोलीवर गेली आणि कोचसकट सगळ्यांसमोर खरं काय घडलं ते बोलली. आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं. तर शेजारच्या खुर्चीवरचा, संघात ज्याला 'भोपळा' म्हणत तो मुलगा, खाली बघत म्हणाला, "मीपण बघतो." मग तिसरी म्हणाली, मग चौथा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात सगळेच तरबेज निघाले! पाचही फोन खालच्या सायकलवाल्याच्या पान्यांच्या खणात गेले. तीन दिवस घारीचा हात आपोआप मांडीवर जायचा आणि रिकामा परत यायचा. चौथ्या दिवशी कमी गेला.

शनिवार आला. पहिला डाव अटीतटीचा झाला आणि नेमकी मोक्याच्या वेळी घार बाद झाली. मागे राखीव मुलगी हेडफोन गळ्यात घालून उभी होती. घारीचा हात मांडीकडे गेला. तिने मूठ आवळली आणि मोजायला सुरुवात केली.

"एक, पुलाजवळ. दोन आणि तीन, विहिरीमागे. चार..."

"माझ्या अंगावर आलाय एक!" भोपळा किंचाळला.

"पुन्हा," घार शांतपणे म्हणाली. "एक, पूल. दोन, तीन, विहीर. चार, भोपळ्यासमोर." पाचवा? पाचवा कुठेच नव्हता! पडद्यावर नाही, वाटेवर नाही. दिसत नाही म्हणजे, जिथे आपलं कुणीच नाही अशी एकच जागा उरते. "मागे! पाचवा आपल्या बुरुजामागे आहे! भोपळ्या, ये मागे, सगळे मागे!"

तो तिथेच होता, एकटा, बुरुजाला हात घालायच्या बेतात. चौघांनी त्याला गाठलं. पाचाचे चार झाले, समोरच्यांचा डाव विस्कटला, आणि थोड्याच वेळात त्यांचा बुरूज कोसळला!

सगळ्यात मोठा सुस्कारा टाकला तो राखीव मुलीने. "बरं झालं बाई! मला नकोच होती ती खुर्ची." कोचने तिच्या गळ्यातले हेडफोन काढून खुंटीला अडकवले. घारीला जे हवं होतं, ते तिला त्या खुंटीवर दिसलं. दुसरा डाव ते हरले, तिसरा जिंकले, आणि खुर्चीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

संध्याकाळी घार दुकानात शिरली. वडिलांनी मशीन चालवत विचारलं, "काय झालं मग?" ती स्टुलावर बसली आणि पहिल्या डावापासून सांगू लागली. खिशात फोन दोनदा थरथरला, तिने तो काढला नाही. वडिलांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांचा पायडलवरचा पाय थांबला आणि शेवटपर्यंत थांबलेलाच राहिला.

वाचकहो, फोन वाईट नाही, आणि त्यावर बोलणारे सगळेच लोक काही वाईट नाहीत. घारीनेही त्या रात्री सगळ्या कमेंट वाचल्या; काही लागल्या, काही सुखावून गेल्या. पण तेव्हा काम संपलेलं होतं. काम हातात असताना मन दुसऱ्यांच्या तोंडी दिलं, तर आपल्या तोंडून दुसरेच बोलू लागतात. आपलं लक्ष ही आपली सगळ्यात खासगी वस्तू आहे. ती आपण ज्याला देतो, त्याच्याच हाती आपला डाव असतो!