एलिसेओचं घर चारशे मीटर वर

एलिसेओ चिग्वायच्या घरी शेवटी इंटरनेट आलं. चांगलं आलं. चित्र अडकत नाही, आवाज तुटत नाही, भर पावसातही टिकतं. आणि आमच्याकडे पावसात टिकणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत.

आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चाला. इंटरनेट आलेलं नाही. येण्याची चिन्हंही नाहीत. जानेवारीतला रविवार आहे, आणि एलिसेओ अंघोळ करून, लग्नातला कोट चढवून, आपल्या सख्ख्या नातीला भेटायला शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात निघालेला आहे.

पुंता ल्योंको ही आमची वस्ती चिलोए द्वीपसमूहातल्या एका लहानशा बेटावर आहे. घरं एकोणीस. टॉवर समोरच्या बेटावर, खाडीपलीकडे. ज्याच्या छपरावरून टॉवर दिसतो त्याला इंटरनेट, ज्याच्या छपरावरून दिसत नाही त्याला शेजारी. एलिसेओचं घर खळग्यात. त्याच्या आजोबांनी ते वाऱ्यापासून आडोसा म्हणून मुद्दाम तिथं बांधलं होतं. आडोसा इतका उत्तम होता की वारा येत नव्हता, फोन येत नव्हता, आणि वाट चुकल्याशिवाय माणूसही येत नव्हता.

रोसामेल ओयार्सूनचं घर मात्र चढावर होतं. छपरावर इंटरनेटची पांढरी ताटली. एलिसेओला ती ताटली आपल्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसायची, म्हणून त्याने महिनाभर दाढी अंगणात केली.

"ये ये, एलिसेओ!" रोसामेलने दार उघडलं. "वहिनी नाही आल्या?"

"गुडघे दुखतायत तिचे."

नोल्फाचे गुडघे ठणठणीत होते. दर रविवारी नवऱ्याचं तोंड असं उतरलेलं तिला बघवत नसे, एवढंच.

फोन रोसामेलचा, म्हणून फोन रोसामेलच्याच हातात. चित्रात मधोमध रोसामेल, आणि उजव्या कोपऱ्यात एलिसेओचा कान. पलीकडे, पार दक्षिण टोकाच्या पुंता आरेनास शहराच्या थंडीत, एलिसेओची मुलगी यास्ना आणि तिच्या मांडीवर सव्वादोन वर्षांची रायेन. एलिसेओने नातीला प्रत्यक्ष एकदाच पाहिलं होतं, बारशाला, तेव्हा ती झोपलेली होती.

"बाबा, दिसताय बरं का," यास्ना म्हणाली.

"कान दिसतोय," रोसामेल म्हणाला. "पण कान चांगलाय."

रायेनने पडद्यावर बोट ठेवलं आणि ओरडली, "ताता!"

आमच्याकडे आजोबांना ताता म्हणतात. एलिसेओ पुढे सरसावला. पण बोट त्याच्यावर नव्हतं. ते मधोमध होतं.

रोसामेलने तोंडातली वरची कवळी काढली, खाडकन मिटून दाखवली, आणि परत बसवली. रायेन हसून हसून आईच्या मांडीवरून घसरली. "ताता! पुन्ना!"

"आता तुम्ही बोला ना बाबा," यास्ना म्हणाली.

एलिसेओने कोट सारखा केला. आठवडाभर योजून ठेवलेलं वाक्य त्याने काढलं. "रायेन, तिकडे पाऊस आहे का?"

रायेन त्याच्याकडे गंभीरपणे बघत राहिली. मग तिने मान वाकडी करून त्याच्यामागे दात शोधायला सुरुवात केली.

घरी आल्यावर एलिसेओ कोट न काढताच बोलू लागला. "त्याला बायको नाही. मूल नाही. बासष्ट वर्षांत त्याने एक कोंबडी धड वाढवली नाही. मग त्याला नात आली कुठून? माझ्याकडून! माझी नात वापरतोय तो!"

"तूही कवळी काढून दाखव की," नोल्फा बटाटे किसता किसता म्हणाली.

"माझे दात खरे आहेत."

"मग हरलासच तू."

त्या रात्री एलिसेओने हिशेब मांडला. नात बोलायला लागली जून महिन्यात. म्हणजे सात महिने रोसामेल ताता आहे. अजून सात महिने गेले तर पोरीच्या डोक्यात ते असं पक्कं बसेल की पुढे प्रत्यक्ष भेटल्यावर ती एलिसेओला हात पुढे करून म्हणेल, नमस्कार काका, पाऊस काय म्हणतो? या विचाराने त्याला इतका संताप आला की त्याने दुसऱ्याच दिवशी पहिली बोट पकडून मोठ्या गावात जाऊन इंटरनेट कंपनीत नाव नोंदवलं.

पंधरा दिवसांनी कंपनीची बाई आली. राजधानीतून नुकतीच बदली झालेली, डोक्यावर हेल्मेट, हातात कसलासा दुर्बिणीसारखा डबा. ती छपरावर चढली, चहूकडे पाहिलं, आणि उतरली.

"टेकडी आडवी येते, काका. टॉवर दिसत नाही. नाही जमणार."

"काहीच नाही होणार?"

"काय सांगू," ती डबा पिशवीत घालत म्हणाली, "तुमचं घर अजून चारशे मीटर वर असतं ना, तर आत्ता लगेच लावून दिलं असतं." आणि ती हसली.

एलिसेओ हसला नाही. "चारशे? टेकडीच्या कुठल्या अंगाला?"

"अं... वर कुठंही. माथ्याजवळ."

"दार कुणीकडे हवं?"

"दाराचा काही संबंध नाही, काका."

"बरं. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात या. घर तिथं असेल."

बाईने नोल्फाकडे पाहिलं. नोल्फा म्हणाली, "तेवढा वेळ लागेल हो. माणसं गोळा करावी लागतात."

बाईला बिचारीला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घर बदलायचं म्हणजे सामान उचलून नव्या घरात जात नाहीत. आहे तेच घर उचलून नव्या जागी नेतात. घर लाकडी असतं, खाली दोन लांब ओंडके सरकवायचे, पुढे बैलजोड्या जुंपायच्या, मागून शेजाऱ्यांनी रेटायचं. याला मिंगा म्हणतात. कुणी मजुरी घेत नाही. जेवण आणि चिचा, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, मात्र घरधन्याची. नियम एकच आहे, पण तो पाण्यासारखा स्वच्छ आहे: घरधन्याने स्वतः दारोदार जायचं, टोपी काढायची आणि विनवणी करायची. विनवलेला माणूस नाही म्हणत नाही. न विनवलेला माणूस येत नाही, मग तुमचं घर खाडीत तरंगत असलं तरी.

एलिसेओने सतरा दारांवर टोपी काढली. अठराव्या दारावरून, म्हणजे रोसामेलच्या, तो टोपी घट्ट धरून गेला. येतानाही आणि जातानाही.

"सगळ्यात दांडगी जोडी त्याचीच आहे," नोल्फा म्हणाली.

"अकरा जोड्या मिळाल्यात. पुरे."

"त्याला वाईट वाटेल."

"मला सात महिने वाटतंय."

पुढचे रविवार एलिसेओ कॉलला गेला, कोट घालून गेला, पण घराचा विषय काढला नाही. रोसामेलनेही काढला नाही. फक्त एकदा तो कवळी बसवता बसवता पडद्याकडे बघून म्हणाला, "रायेनबाई, ऐकलंत का? आमच्या गावात एक घर चालायला शिकणार आहे. मला कुणी सांगितलं नाही. मला कोंबड्यांनी सांगितलं."

मिंगाचा दिवस उजाडला. खिडक्यांच्या काचा काढल्या, भांडी पेंढ्यात बांधली. नोल्फा चुलीपाशी खुर्ची टाकून बसली ती उठेचना. "चूल हलली तर मला बघायचंय कशी हलते," ती म्हणाली. शेवटी तिला आत ठेवूनच घर ओढायचं ठरलं. बैल जुंपले, साखळ्या ताणल्या, सगळ्यांनी एकदम आवाज दिला, आणि एलिसेओच्या आजोबांचं घर ऐंशी वर्षांनी जागेवरून उठून चालायला लागलं. सपाटीवर ते छान चाललं. कुत्रं पायरीवर बसून आलं.

चढ लागला. घर थांबलं. अकरा जोड्या गुडघ्यांवर आल्या. साखळी कण्हली, आणि घर हातभर मागे सरकलं. आतून नोल्फाचा आवाज आला, "मी काही बोलत नाही!"

हळूहळू सगळी तोंडं एकाच दिशेला वळली. घर बरोबर रोसामेलच्या फाटकासमोर अडकलं होतं, आणि रोसामेल कुंपणावर बसून सफरचंद खात होता. त्याच्यामागे त्याचे दोन तांबडे बैल जू घालून, शिंगं पुसून, अगदी तयार उभे होते.

एलिसेओने बैलांकडे पाहिलं. मग घराकडे. मग पुन्हा बैलांकडे. आणि त्याला हेही खुपलं की बैलसुद्धा देखणे होते. तो फाटकापाशी गेला. टोपी काढली. साठ माणसांसमोर.

"शेजारी," त्याने ठरलेले शब्द उच्चारले, प्रत्येक शब्द घशातून चिमट्याने ओढून काढल्यासारखा, "तुझ्या दारी विनवणीला आलोय. माझं घर तुझ्या हाताची वाट बघतंय."

"अरे, मी तर मोकळाच आहे," रोसामेल म्हणाला. "महिनाभर मोकळा आहे. फक्त एक मिनिट." त्याने सफरचंद फेकलं आणि फोन वर केला. "दिसतंय ना, यास्ना? पोरीला नीट दिसतंय? चला रायेनबाई, आता घर ओढू या."

तो फोन छातीला बांधून उतरला. तांबडी जोडी पुढे लागली. एलिसेओला कासऱ्यापाशी, अगदी पुढे, बैलांच्या तोंडासमोर उभं केलं, कारण घरधन्याची जागा तीच. रोसामेल बैलांच्या मागून हाकत होता, छातीवरच्या फोनचं तोंड पुढे. घर एकदा डुललं, आणि मग टेकडी अशी चढून गेलं जणू त्याला वर काही काम होतं. त्या संध्याकाळी कोकरू भाजलं, बटाट्याचे मिल्काओ तळले, चिचा वाहिली, आणि रोसामेलने पाच मिल्काओ खाल्ले. एलिसेओने मोजले.

मार्चमध्ये कंपनीची बाई आली. खळग्यात गेली, तिथं घराच्या जागी चौकोनी पिवळं गवत पाहिलं, मग वर आली. ताटली बसवली, तारा जोडल्या, दिवा हिरवा झाला.

"काका," पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "माथ्यावर नुसता एक खांब रोवला असता ना, त्यावर ताटली आणि खाली घरावर एक छोटी ताटली, तरी झालं असतं. मी त्या दिवशी गंमत केली होती हो."

मदतीला आलेला रोसामेल शिडी धरून उभा होता. "मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझ्या मामाकडे तसंच आहे. पण मग मिंगा कशी झाली असती?"

रविवार आला. एलिसेओचं स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा फोन, स्वतःच्या हातात. त्याने कोट चढवला. चित्रात मधोमध तो, पूर्ण, दोन्ही कानांसकट.

"बाबा! किती स्पष्ट दिसताय!" यास्ना म्हणाली. "रायेन, बघ कोण आहे!"

रायेनने त्याला ओळखलं. लगेच ओळखलं. तोंड उजळलं, बोट पुढे आलं.

"मू!" ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

यास्ना ओशाळली. "बाबा, त्या दिवशी तुम्ही सतत बैलांपाशी होता ना... ती तुम्हाला मू म्हणते. रोज विचारते, मू कुठंय."

मग, नोल्फा शपथेवर सांगते, एलिसेओने दार लावलंय का ते पाहिलं, फोन जवळ आणला आणि हळूच म्हणाला, "मूऽऽ."

रायेन हसली. मांडीवरून घसरेपर्यंत हसली. दातांशिवाय, म्हणजे कुणाचेही दात न काढता, एलिसेओने आपल्या नातीला हसवलं होतं. तो पुन्हा हंबरला. कोटाची गुंडी तुटली.

"ताता!" रायेन आनंदाने किंचाळली. "ताता, मू बघ!" आणि ताता कुठं दिसेना म्हणून तिने भोकाड पसरलं.

नोल्फाने खिडकी उघडली. नव्या जागेवरून रोसामेलचं अंगण थेट पायाखाली दिसत होतं. "अहो रोसामेल! वर या हो, पोर रडतेय!"

रोसामेल मोज्यांवरच धावत आला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. एलिसेओ हंबरतो, रोसामेल कवळी काढतो, पोरगी दोघांना वाटून हसते. पण ताता एकच आहे, आणि तो पाच मिल्काओ खाऊन जातो.

सोमवारी एलिसेओने नव्या इंटरनेटवरून, एका बोटाने, चार तास खपून, पुढील अर्ज पाठवला.

प्रति,
मा. अधिकारी, नागरी नोंदणी कार्यालय.

विषय : ‘ताता’ हे पद मूळ हक्कदारास परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार हा कु. रायेन हिच्या आईचा सख्खा बाप असून त्याबाबतचा पुरावा (आई) पुंता आरेनास येथे हयात आहे. सदर पद सध्या श्री. रोसामेल ओयार्सून, अविवाहित, यांच्या ताब्यात आहे. कवळी असणे हा वारसाहक्क होत नाही, हे आपण जाणताच. तरी सदर पद पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे अल्पवयीन नातीच्या पहिल्या शब्दापासून, अर्जदाराच्या नावे करण्यात यावे. ‘मू’ हे पद अर्जदाराकडे अतिरिक्त म्हणून राहू द्यावे, ते सोडण्यास अर्जदार तयार नाही. आणि नातीस वाचता येत नसल्याने आदेश तिला आपल्या एखाद्या जबाबदार अधिकाऱ्यामार्फत, रविवारी दुपारी, ती हसत असताना, समजेल अशा शब्दांत तोंडी बजावण्यात यावा, ही विनंती.