बादलीत बुडालेली उशी

मित्रांनो, मी कापसाची एक जुनी उशी आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार दमले आहे. उशी कसली दमते, असं म्हणाल. अहो, माझ्यावर मान टाकणारी बाई दमते, आणि तिचं अर्धं ओझं माझ्यात उतरतं.

घाटकोपरच्या एका गादीवाल्याने कापूस पिंजून मला भरलं, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. कृष्णाबाई मला घरी घेऊन आल्या. त्या इस्पितळात आया आहेत, कायमच्या रात्रपाळीला. सकाळी नऊला येतात, डोक्याला खोबरेल चोळतात आणि माझ्यावर पडतात. तीनला गजर होतो की पुन्हा घरकाम. "हिच्याशिवाय माझा डोळा लागत नाही," असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेव्हा मला बरं वाटायचं. पुढे अभ्रा बदलायचंही त्यांना सुचेना. बारा वर्षं तेल आणि घाम पिऊन मी पिवळी पडले.

यंदा घरात सून आली, रुचिरा. मरोळला कामाला जाणारी, चटपटीत पोर. इस्पितळात दुसऱ्यांच्या पांढऱ्या उशा लावणाऱ्या सासूच्या डोक्याखाली माझ्यासारखं ध्यान तिला बघवेना. एका रविवारी तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि सासू यायच्या आत मला सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं. व्हिडिओतली उशी होती फायबरची. माझ्या कापसाचे गोळे झाले. वाट लागली माझी.

कृष्णाबाई आल्या. "रुचिरा, माझी उशी कुठंय गं?"

"आई, बादलीत आहे. तुमच्यासाठी पांढरी करत होते."

त्यांनी वाकून मला पाहिलं. आता पोरीची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"कापूस भिजवत नाहीत, बाळा. खोळ तेवढी काढून धुवायची," एवढंच बोलून त्या साडीची घडी डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या. झोप काही लागली नाही. दुपारी उठल्या तर मान वळेना. तशाच मानेने त्या पेशंट उचलायला गेल्या. आठवडाभर हेच चाललं. पहिले एक-दोन दिवस मी ओलीगच्च, गॅलरीतून बघत होते आणि मला फार वाईट वाटत होतं.

रुचिराचा चेहराच उतरला. तिने माझी शिवण उसवली, कापूस गच्चीवर जुन्या चादरीवर पसरला आणि वर मच्छरदाणी टाकली. रोज कामाला जाण्याआधी आणि आल्यावर ती एकेक गोळा बोटांनी सोडवत बसायची. खोळ वेगळी घासून तिने कडक उन्हात वाळवली. डाग फिके झाले, पण गेले नाहीत.

पुढच्या रविवारी तिने मला परत भरून शिवलं. "आई, पूर्ण पांढरी नाही झाली."

"कुणाला दाखवायचीय? दे इकडं."

माझ्यावर डोकं टेकताच कृष्णाबाई घोरू लागल्या. तीन वाजायच्या आत रुचिराने हळूच गजर बंद केला आणि भांडी घासायला घेतली. कृष्णाबाई पाचपर्यंत झोपल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, अभ्रा दर आठवड्याला धुवा, अधूनमधून आम्हाला ऊन दाखवा, आणि कापसाच्या उशीला बादलीपासून लांब ठेवा. एखादी उशी फारच पिवळी दिसली, तर तिच्यावर कोण झोपतं तेही जरा बघा. आणि ते माणूस झोपलेलं असेल, तर आधी गजर बंद करा.