पाण्याखालची फळं

जुन्नरचे कमरुद्दीन औषधी बियांचा धंदा करायचे. कमळ आणि पोयणी, म्हणजे कुमुद, शेजारी ठेवली तर कुणीही सख्ख्या बहिणी म्हणेल, पण ते पोरांना आधी बी फोडून दाखवायचे. कमळाच्या टणक बीत हिरवागार कोंब निघे; पोयणीच्या राईएवढ्या बीत नुसतं पांढरं पीठ. तोंडवळ्यावरून नातं जोडायचं नाही, असं ते बजावत.

ते वारले. त्यांचा मुलगा वजीर अठ्ठेचाळीस साली हैदराबादेकडे गेला तो बेपत्ता झाला, आणि सात वर्षांनी अचानक दारात उभा राहिला. तेच नाक, तेच डोळे. त्याची अम्मा नजमुन्निसा हरखून गेली. बहीण ताहेराही रडली. पण आल्या आल्या भाऊ घर विकायची भाषा बोलू लागला, तेव्हा ताहेरा त्याला निरखू लागली.

पोयणीच्या बियांच्या लाह्या म्हणजे लहानपणी वजीरचा जीव की प्राण. त्याच करायच्या म्हणून अम्मा दोघांना घेऊन तळ्यावर आली. काठाशी पाण्यात हात घालून तिनं एक टपोरं फळ तोडलं, यंदा लई धरलंय म्हणाली, आणि ते पदरात बांधून गुडघे चोळत बसली. भावंडं आत उतरली.

कमरेएवढ्या पाण्यात तो पाण्याच्या वर शोधत राहिला. कमळाचं बोंड दांड्यावर उभं असतं, हे खरं. पोयणीचं मात्र फूल मिटलं की फळ पाण्याखाली जातं आणि बी तिथंच पिकतं. माणूस गल्लीचं नाव विसरेल एक वेळ, पण वजीर धड बोलायच्या आधी याच तळ्यात खाली हात घालायला शिकला होता. आत्ता ती फळं या माणसाच्या मांड्यांना घासत होती.

"यंदा फळ धरलंच न्हाई वाटतं," तो म्हणाला.

ताहेरा गारठली, आणि ते तिच्या तोंडावर त्याला दिसलं. तो तिच्या आणि काठाच्या मधे आला. तिचं मनगट त्यानं पाण्याखाली घट्ट धरलं.

फळं गावली का, अम्मानं काठावरून विचारलं.

"तिला काय बोलायचं न्हाई," तो पुटपुटला.

ताहेरानं त्याचेच शब्द उचलले. "न्हाई अम्मा. यंदा फळ धरलंच न्हाई."

अम्मानं पदरातलं टपोरं फळ चाचपलं. मग पदराची गाठ मुठीत धरून ती उठली.

"बरं," ती म्हणाली. "ताहेरा, तू एकटी वर ये."

मनगटावरची पकड सैल झाली नाही.