आनेकेबाईंच्या हद्दीतली वाळू

इंग्रजांची शेवटची गलबतं न्यूयॉर्क सोडून गेली, त्याला चार महिने झाले होते. लढाई संपून मुलूख आता अमेरिकेचा झाला होता. सायलस बेकविथला मात्र एकच ध्यास लागला होता: खाडीकाठच्या त्या म्हातारीला एकदा भेटायचं.

सायलस कनेक्टिकटचा, पिंपं बांधणारा कारागीर. तीन हजार मैलांवरच्या राजानं आपल्याला न विचारता आपल्यावर कर लादायचे, हे त्याच्या बापाला पटत नव्हतं आणि त्याला तर मुळीच नाही. म्हणून राजाची मालाची जहाजं पकडणाऱ्या एका गलबतावर तो चढला आणि तिसऱ्याच आठवड्यात स्वतः पकडला गेला. पुढचं वर्ष त्यानं न्यूयॉर्कजवळच्या खाडीत नांगरलेल्या इंग्रजांच्या तुरुंग-जहाजाच्या पोटात काढलं. "राजाच्या आरमारात भरती हो, आत्ता सुटशील," असं अधिकारी दर आठवड्याला सांगायचा. सायलस दर आठवड्याला मान हलवून नाही म्हणायचा.

रात्रीत मेलेल्यांना पुरायला सकाळी चार-सहा कैद्यांना किनाऱ्यावर नेत. पहिल्याच खेपेला वाळूच्या टेकाडामागून एक डच म्हातारी टोपली घेऊन थेट पहाऱ्यावरच्या हवालदारासमोर उभी राहिली.

"ही वाळू माझ्या हद्दीतली," ती म्हणाली. "इथं खणणाऱ्याला मी खायला घालणार."

"बाई, हे बंडखोर आहेत!"

"आणि तुम्ही उपाशी दिसताय. हे चीज धरा."

हवालदारानं चीज धरलं आणि तोंड फिरवलं. सायलसच्या हातात पाव आणि उकडलेले वाटाणे पडले. तो अधाश्यासारखा तुटून पडला.

"सावकाश, पोरा," म्हातारी म्हणाली. "घाईनं खाऊन मेलास तर तुलाही इथंच पुरावं लागेल. जागा कमी आहे माझ्याकडे."

किती दिवसांनी तो हसला होता!

म्हातारीचं नाव आनेके. मग दर खेपेला आनेकेबाई यायच्या. एकदा त्या सहज म्हणाल्या, "माझा कोर्नेलिस तुझ्याच वयाचा. राजाच्या फौजेत आहे."

सायलसचा घास हातातच राहिला. "आणि तरी तुम्ही आम्हाला वाढता?"

"तो कुठं उपाशी बसला असेल, तर तिथल्या बाईनं तो कुणाचा शिपाई हे विचारत बसू नये. एवढंच मागणं आहे माझं देवाकडे."

हिवाळ्यात सायलस तापानं फणफणला, तेव्हा पुरायला गेलेल्या सोबत्यांच्या हाती आनेकेबाईंनी काढा आणि लोकरीचे मोजे पाठवले. तो वाचला. वसंतात कैद्यांची अदलाबदल झाली आणि तो सुटला.

आता लढाई संपल्यावर तो आला, तो रिकाम्या हातानं नव्हे. त्याच्या खिशात एक कागद होता. जिवंत राहिलेल्या नऊ जणांनी बाईंचे आभार मानून त्यावर सह्या केल्या होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या मारल्या होत्या.

बाईंच्या अंगणात शिरतो तर गावच्या समितीची सात माणसं बाकांवर बसलेली. आनेकेबाई भिंतीला टेकून उभ्या. कोर्नेलिस राजासाठी लढला, शेत त्याच्या नावावर, तेव्हा ते जप्त व्हावं, अशी शिफारस लिहायची चालली होती.

"तू कोण रे?" समितीचा प्रमुख टोबायस लॉट म्हणाला. सायलसनं गाव सांगताच तो फिस्कारला, "कनेक्टिकटवाल्यांना आमच्या भानगडीत नाक खुपसायची फार हौस!"

"त्या जहाजावर होतो मी," सायलस म्हणाला.

सायलसनं कागद काढून एकेक नाव वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे नऊ जण या बाईंच्या हातचं खाऊन जगलेत. आपण जिंकलो म्हणता ना? मग जिंकल्यावर पहिल्यांदा यांनाच घराबाहेर काढणार?"

बराच वेळ कुजबुज झाली. पाच जणांनी हात वर केले: हयात असेतो शेत बाईंचंच. शिफारस फाडली गेली. शेवटी लॉट उठला.

"माझा भाऊ लढाईत पडला, बाई. तुमच्या पोराला मला माफ करता येत नाही," तो जड आवाजात म्हणाला. "पण तुम्ही राहा."

"राहीन," आनेकेबाई म्हणाल्या. "तुझे उपकार आहेत, टोबायस."

माणसं गेल्यावर त्यांनी सायलसला घरात नेलं. त्याचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी त्याला चुलीजवळ बसवलं. मग कपाटातून एक पत्र काढलं. ते कोर्नेलिसनं उत्तरेकडच्या, अजून राजाच्या ताब्यात असलेल्या नोव्हास्कोशियाहून कुणा सोबत्याकडून इंग्रजीत लिहवून घेतलं होतं. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि राजाच्या शिपायाचं पत्र शेजाऱ्यांकडे नेण्याची सोय नव्हती. महिनाभर पत्र तसंच पडून होतं.

सायलसनं वाचलं. थंडी फार आहे. जंगल तोडून दोन एकर मोकळे केलेत. मुलगी झाली, नाव आनेके ठेवलं.

म्हातारी हसली आणि रडली. "उत्तर लिहिशील?"

सायलसनं टाक उचलला. बाईंचं सांगून झाल्यावर राजाच्या त्या शिपायाला त्यानं स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या: तुमची आई सुखरूप आहे, शेतही तिच्याकडेच राहिलं. मी तिचा फार ऋणी आहे, आणि तुमच्या आठवणीनं तिनं मला वाढलं, म्हणून तुमचाही.