अबोल्याचा बाक

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या एका उपनगरी स्टेशनावरचा जुना बाक आहे. माझे लोखंडी पाय ओतले, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. समोरचा हॅझलडीन रस्ता माझ्याच वयाचा. त्याच्या लाल विटांच्या, उंच धुराड्यांच्या घरांना आता कायद्यानं जपलं जातं. दर्शनी भागाला हात लावायचा नाही. मला मात्र शेवटचा रंग कधी लागला, तेही आठवत नाही. पूर्वी लोक म्हणत, "काय ऐसपैस बाक आहे!" आता कोणी काही म्हणत नाही आणि मलाही त्याचं काही वाटत नाही. लाकूड मुरलं, की ऊन आणि थंडी सारखीच.

माझ्यावर रोज सकाळी म्युरिएल गॅटकोम आणि तिचा धाकटा भाऊ लेनर्ड बसत. दोघंही लंडनला नोकरीला. आई गेल्यावर याच रस्त्यावरच्या घरावरून त्यांचं फाटलं. बाहेरची वीट हलवता येईना, म्हणून त्यांनी घराच्या आत मधोमध भिंत घातली आणि बोलणं टाकलं. पण फलाटावर छपराखाली बाक मी एकटाच. त्यामुळे दोघंही माझ्यावरच, तोंडं फिरवून. निरोप पोचवायला तिकिटं तपासणारा क्लेमंट.

"क्लेमंट, हिला सांग, हिच्या रेडिओनं माझं डोकं उठतं."

"बाई, साहेब म्हणतात..."

"मला कान आहेत. त्याला म्हणावं, आधी स्वतःचं घोरणं आवर. माझ्या बाजूचा गिलावा पडायला आलाय."

"मी तिकिटं तपासू, की तुमचं टपाल वाटू?" क्लेमंट हसायचा. ती दोघं हसत नसत.

अशी कितीतरी वर्षं गेली. लेनर्डचे केस पिकले, म्युरिएलला चष्मा लागला.

एका धुक्याच्या सकाळी गाडी आली. म्युरिएल चढली, लेनर्ड उठलाच नाही. डब्याच्या दारातून तिनं मागे पाहिलं. त्याची टोपी खाली पडली होती आणि तो ती उचलत नव्हता. ती घाईघाईनं उतरली. गाडी निघून गेली.

"लेनी, टोपी पडली तुझी."

तिनं टोपी उचलून त्याच्यापुढे धरली.

"अरे, सोंगं पुरे झाली. लेनी?" तिनं त्याचा हात धरला. तो तसाच सुटून खाली लोंबला. "क्लेमंट! धाव रे, धाव!"

लेनर्डचं सगळं वजन माझ्यावर होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

लेनर्ड वाचला, पण त्याचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. म्युरिएलनं नोकरी सोडली, गवंडी बोलावून भिंत पाडून घेतली. आता दुपारी ती त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून इथे आणते. चहात बिस्कीट बुडवून भरवते आणि अखंड बोलते. शेजारणीचं मांजर, कोबीचा भाव, काय वाट्टेल ते.

काल मात्र ती बोलता बोलता थांबली. "लेनी, एकदा तरी म्हण ना, 'गप्प बस, म्युरिएल.'"

लेनर्ड रुळांकडे बघत राहिला. तिनं त्याची हनुवटी पुसली आणि पुढचं बिस्कीट बुडवलं.

मित्रांनो, माझ्या पट्ट्या उकलल्यात. मला इथून हलवणार म्हणतात. हलवोत. रंग लावा, असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी कोणी अबोला धरून बसलं असेल, तर आजच बोला. भांडायचं असेल तर भांडाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून.